सामुराईपटांची रसिकचर्चा आणि संबोधनाचा प्रश्न

१

जपानी सामुराईपट आणि हाँगकाँगचे युद्धकलापट यांच्याविषयी जपान-चीनबाहेर जे काही बोलले व लिहिले गेले, त्याचा फार मोठा भाग व्यावसायिक समीक्षकांचा नसून चाहत्यांचा आहे. हा चाहतावर्ग बव्हंशी दूरचित्रवाणीने घडविला. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील स्थानिक वाहिन्यांवर 'ब्लॅक बेल्ट थिएटर' या नावाखाली शॉ ब्रदर्स संस्थेचे इंग्रजी डबिंग केलेले चित्रपट दाखविले जात. ब्रिटनमध्ये १९७६ पासून बीबीसीने 'द वॉटर मार्जिन' ही मालिका दाखविली. मूळ कादंबरी चिनी, चित्रण जपानी आणि ध्वनिपट इंग्रजी, असा तिचा त्रिविध संसार होता. ज्यांनी हे चित्रपट शाळकरी वयात पाहिले, त्यांनीच पुढे त्यांच्या याद्या केल्या, प्रती ताडून पाहिल्या, कोणत्या प्रतीत कोणता प्रसंग कापला आहे याची नोंद ठेवली. ही चर्चा हौशी म्हणून बाजूस सारण्याचे कारण नाही. तिच्यात निष्ठा आहे, स्मरणशक्ती आहे आणि पुष्कळदा पाठचिकित्सकाला शोभेल अशी चिकाटीही आहे.

तथापि या चर्चेत एक उणीव आहे, आणि ती किरकोळ नाही. सामुराईपटात माणसे एकमेकांना काय म्हणून संबोधितात, स्वतःचा उल्लेख कोणत्या शब्दाने करतात, बोलण्याची कोणती पायरी केव्हा सोडतात, यांवर कथेचा अर्थ फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो. चाहत्यांची चर्चा तलवारीची फेक मोजते, परंतु ही पायरी मोजत नाही. परिणामी, जे चित्रपट सरंजामी व्यवस्थेवरील कठोर टीका म्हणून निर्माण झाले, त्यांचा स्वीकार त्याच व्यवस्थेच्या शौर्यगाथा म्हणून होतो. ही उलथापालथ कशी घडते याचा शोध घेणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

चाहत्यांच्या चर्चेत सर्वात जुना वाद डबिंग आणि उपशीर्षके यांचा आहे. उपशीर्षकांचा कैवार घेणारा पक्ष म्हणतो की, डबिंग ही मूळ कृतीची विटंबना होय. नटाचा आवाज हा नटाच्या अभिनयाचा भाग आहे, तो काढून घेणे म्हणजे अर्धा नट काढून घेणे. डबिंगचा पक्ष म्हणतो की, डोळे तळच्या ओळींवर खिळले की द्वंद्वयुद्ध पाहावयाचे राहूनच जाते. दोन्ही पक्षांचे युक्तिवाद आपापल्या परीने खरे आहेत. परंतु दोघांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे. ती म्हणजे, 'मूळ आवाज' नावाची एक अखंड वस्तू सर्वच चित्रपटांच्या मागे उभी असते.

हाँगकाँगच्या बाबतीत हे गृहीत टिकत नाही. १९६० ते १९८० या काळातील तेथील बहुतेक युद्धकलापट चित्रणाच्या वेळी ध्वनिमुद्रणाशिवाय घेतले जात व आवाज मागाहून भरला जाई. पडद्यावरील नटाला पुष्कळदा दुसऱ्याच कोणाचा तरी आवाज असे. ब्रूस ली लहानपणापासून कँटोनीज बोलत वाढलेला. पण 'द बिग बॉस' (१९७१) आणि 'फिस्ट ऑफ फ्युरी' (१९७२) यांच्या मँडरिन ध्वनिपटांवर ऐकू येतो तो आवाज त्याचा नव्हे. प्रेक्षकांपैकी बहुसंख्य कँटोनीजभाषक असूनही सत्तरीच्या आरंभी हाँगकाँगची चित्रनिर्मिती जवळजवळ पूर्णपणे मँडरिनमध्ये होत होती; १९७३ च्या 'द हाउस ऑफ ७२ टेनंट्स' या चित्रपटाच्या यशाने कँटोनीज पुन्हा पडद्यावर आली. म्हणजे येथे 'मूळ' ध्वनिपट हाच एक प्रकारचा अनुवाद आहे. अशा चित्रपटाच्या इंग्रजी डबिंगला विटंबना म्हणणे कठीण. फार तर तो एका आरोपित आवाजावर चढविलेला दुसरा आरोपित आवाज होय. या दुसऱ्या आवाजाने स्वतःचा एक सांस्कृतिक वंशही वाढविला. न्यूयॉर्कच्या वू-टँग क्लॅन या गायकवृंदाने १९९३ मध्ये आपल्या पहिल्या संग्रहात या चित्रपटांच्या इंग्रजी डबिंगमधील संवादांचे तुकडेच गुंफले. त्यांच्या बालपणीचा 'मूळ' ध्वनी तोच होता.

जपानी सामुराईपटाची गोष्ट निराळी आहे. तेथे तोशिरो मिफुने मिफुनेच्याच आवाजात बोलतो, आणि तो आवाज कोणत्या भाषिक पायरीवरून निघतो हे जपानी श्रोत्याला पहिल्या वाक्यातच कळते. म्हणून डबिंगचा वाद दोन्ही प्रकारांना एकाच मापाने मोजतो, ही त्यातील पहिली चूक. दुसरी चूक अधिक खोल आहे. उपशीर्षके वाचणाऱ्या रसिकाला वाटते की त्याने मूळ संवाद राखला. प्रत्यक्षात त्याने आवाज राखलेला असतो, संवादातील सामाजिक अर्थ नव्हे. इंग्रजी उपशीर्षकाला साधारणतः दोन ओळींची जागा मिळते आणि द्वितीय पुरुषासाठी एकच सर्वनाम उपलब्ध असते. त्या अरुंद खिडकीतून आशय आत येतो, पायरी बाहेरच राहते.

येथे एक तुलना उद्‌बोधक ठरेल. कुरोसावाचे 'योजिंबो' (१९६१) आणि 'सांजुरो' (१९६२) हे चित्रपट रुंद पडद्यासाठी रचलेले आहेत. त्यांच्या चौकटीचे प्रमाण सुमारे २.३५ : १. जुन्या दूरचित्रवाणी-संचाचे प्रमाण १.३३ : १. रुंद चित्र या संचात पूर्ण उंचीने बसविले की त्याचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग कापला जातो. चाहत्यांनी ही कापाकापी अचूक हेरली, तिच्याविरुद्ध सातत्याने आवाज उठविला आणि पूर्ण चौकटीच्या प्रतींचा आग्रह धरला. चित्राची कड कापली गेली तेव्हा त्यांना दिसली; भाषेची कड कापली गेली तेव्हा ऐकू आली नाही. कारण उघड आहे. कापलेल्या चित्रात अर्धा माणूस दिसतो आणि उणीव स्वतःच बोलते. कापलेले संबोधन मात्र मागे काहीच खूण ठेवीत नाही; वाक्य पूर्णच वाटते.

३

सामुराईपटाच्या भाषेतील काही शब्द उदाहरणादाखल पाहू. प्रथमपुरुषी एकवचनासाठी इंग्रजीत एक शब्द आहे. पडद्यावरचा सामुराई स्वतःला 'सेश्शा' म्हणतो, ज्याचा शब्दार्थ 'अडाणी मनुष्य' असा नम्रतादर्शक आहे. किंवा 'सोरेगाशी' म्हणतो, ज्याचा मूळ अर्थ 'अमुक एक'. वयस्क पुरुष 'वाशी' म्हणतो, रांगडा पुरुष 'ओरे', शेतकरी 'ओरा', उच्चकुलीन स्त्री 'वारावा'. द्वितीय पुरुषाची श्रेणी याहूनही गुंतागुंतीची आहे. 'किसामा' हा शब्द लिहिला जातो तो 'थोर' आणि 'महोदय' या अर्थांच्या चिन्हांनी. एके काळी तो आदरार्थी होता, आज तो द्वंद्वाच्या आधी तोंडावर फेकावयाचा अपशब्द आहे. मराठीत 'महाशय' आणि 'राजश्री' यांनी उपरोधाच्या वाटेने जो प्रवास अर्ध्यावर थांबविला, तो 'किसामा'ने शेवटापर्यंत केला, असे म्हणावयास हरकत नाही.

रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन यांनी १९६० मध्ये युरोपीय भाषांतील सर्वनामांचा विचार करताना सत्ता आणि जवळीक हे दोन अक्ष मांडले. वरचा मनुष्य खालच्याला एका सर्वनामाने संबोधितो व दुसरे स्वीकारतो. बरोबरीचे लोक एकच सर्वनाम देतात व घेतात. जपानीत ही व्यवस्था सर्वनामापुरती मर्यादित नसून क्रियापद, नाम आणि वाक्यान्त या सर्वांत पसरलेली आहे. त्यामुळे तेथे तटस्थ वाक्य बोलणे जवळजवळ अशक्य होते. तोंड उघडताक्षणी मनुष्य आपली आणि समोरच्याची जागा ठरवितो. ज्या समाजात जागा चुकल्यास मस्तक जाऊ शकते, त्या समाजावरील चित्रपटात हे केवळ शैलीचे प्रकरण राहत नाही.

दूरचित्रवाणीनेच याचा सर्वात ठळक पुरावा दिला आहे. १९६९ ते २०११ या प्रदीर्घ काळात चाललेली 'मितो कोमोन' ही जपानी मालिका पाहा. शोगूनच्या घराण्यातील एक वृद्ध गृहस्थ निवृत्त कापड-व्यापाऱ्याच्या वेषात देशभर हिंडतो. प्रत्येक कथेच्या अखेरीस त्याचा सेवक राजचिन्ह असलेली छोटी डबी उंचावतो, आणि क्षणापूर्वी त्याला थेरडा म्हणून हिणविणारे अधिकारी जमिनीवर कपाळ टेकतात. तलवारबाजी त्याआधी आटोपलेली असते. खरा उत्कर्षबिंदू संबोधन बदलण्याचा आहे. द्वंद्वाच्या चतुराईवर चित्रपटाची प्रत ठरविणाऱ्या रसिकाला ही मालिका कंटाळवाणी वाटेल यात नवल नाही. परंतु जपानी प्रेक्षक चार दशके तोच क्षण पाहावयास पुन्हा पुन्हा बसला, याचा अर्थ त्या क्षणात काही होते.

४

आता तीन प्रसिद्ध चित्रपटांकडे वळू.

'सात सामुराई' (१९५४) हा २०७ मिनिटांचा चित्रपट चाहत्यांच्या प्रत्येक यादीत असतो व शेवटच्या पावसातील लढाईसाठी वाखाणला जातो. त्यातील किकुचियो हा जन्माने शेतकरी. तो सामुराई असल्याचे भासवितो आणि पुरावा म्हणून एक वंशावळ पुढे करतो. ती वाचून कांबेई म्हणतो की या हिशेबाने त्याचे वय तेरा वर्षांचे भरते. सर्व हसतात. पुढे गावकऱ्यांनी मेलेल्या सामुराईंच्या अंगावरून काढून लपविलेली चिलखते सापडतात, तेव्हा सामुराई संतापतात आणि किकुचियो उसळतो. शेतकरी कंजूष, लबाड, भित्रे आणि क्रूर आहेत हे तो कबूल करतो, आणि त्यांना तसे कोणी केले असे विचारून सामुराईंकडेच बोट दाखवितो. कांबेई डोळ्यांत पाणी आणून विचारतो, तू शेतकऱ्याचा मुलगा ना? या भाषणातील आशय उपशीर्षकांत उतरतो. परंतु त्याआधी तासभर किकुचियोचे बोलणे इतर सहा जणांच्या बोलण्यात कधीच मिसळत नव्हते, त्याचा खोटेपणा वंशावळीच्या आधी त्याच्या जिभेने उघड केला होता, हे जपानी श्रोत्याला ठाऊक असते आणि उपशीर्षके वाचणाऱ्याला नसते. म्हणून एकाला तो प्रसंग अपरिहार्य वाटतो, दुसऱ्याला आकस्मिक. चाहत्यांच्या बोलण्यात किकुचियो विदूषक म्हणून येतो. वस्तुतः या चित्रपटातील जातिव्यवस्थेवरील सर्व टीका त्याच्या मुखाने व्यक्त होते, आणि ती त्याच्या अशिष्ट भाषेमुळेच विश्वसनीय ठरते.

दुसरे उदाहरण 'सांजुरो'चे. चाहत्यांच्या दृष्टीने हा चित्रपट म्हणजे अखेरच्या द्वंद्वातील रक्ताचा फवारा. एका क्षणाचे ते द्वंद्व खरोखरच विलक्षण आहे. परंतु चित्रपटाचे मर्म त्याच्या पुष्कळ आधी, एका प्रौढ गृहिणीच्या संभाषणात आहे. कैदेतून सोडविलेली ही कारभाऱ्याची पत्नी, संकटातही घाई न करता, मृदू व आदरयुक्त भाषेत नायकाला सांगते की तो म्यानाबाहेरच्या तलवारीसारखा चकाकतो आणि खरोखर चांगली तलवार म्यानातच असते. भिंत ओलांडताना त्याच्या पाठीवर पाय ठेवण्याचाही तिला संकोच वाटतो. ज्याच्यापुढे शस्त्रधारी टिकत नाहीत तो हा राकट मनुष्य तिच्यापुढे अवघडतो. येथे दोन भाषिक पायऱ्यांचे द्वंद्व आहे आणि त्यात राकट पायरी हरते. शेवटच्या द्वंद्वानंतर तरुण सामुराई वाहवा करतात तेव्हा नायक त्यांच्यावर चिडतो आणि त्या स्त्रीचेच म्हणणे खरे असल्याचे सांगतो. म्हणजे चित्रपटाने फवाऱ्याचे कौतुक करणाऱ्या प्रेक्षकाला पडद्यावरच उत्तर देऊन ठेवले आहे. चाहत्यांच्या पिढ्या फवाऱ्याची वाहवा करीत राहिल्या, हा विरोधाभास बोलका आहे.

तिसरे उदाहरण मासाकी कोबायाशीच्या १९६२ च्या चित्रपटाचे. त्याचे जपानी नाव 'सेप्पुकु', बाहेरचे नाव 'हाराकिरी'. दोन्ही शब्द 'कापणे' आणि 'पोट' या त्याच दोन चिन्हांनी लिहिले जातात, फक्त क्रम उलट. पहिला चिनी वळणाचा उच्चार, दुसरा देशी. मराठीत 'शिरच्छेद' आणि 'मुंडके उडविणे' यांत जे अंतर आहे, साधारण तेच. आता हा चित्रपट नेमका या अंतराविषयी आहे. १६३० साली एक निराधार सामुराई इई घराण्याच्या वाड्यावर येऊन तेथे प्राणत्याग करण्याची अनुज्ञा मागतो. त्याच्याआधी अशीच विनंती करणाऱ्या त्याच्या जावयाला या घराण्याने बांबूच्या पात्याने पोट चिरावयास भाग पाडलेले असते. हा अमानुष प्रकार आरडाओरड्याने होत नाही. तो सर्व औपचारिक मर्यादा पाळून, काटेकोर दरबारी भाषेत पार पडतो. सौजन्याची भाषा हेच येथे क्रौर्याचे शस्त्र आहे. चित्रपटाचा आरंभ आणि शेवट घराण्याच्या रोजनिशीने होतो, आणि त्या संयत नोंदीत घडलेले सर्व पुसले जाते. मारले गेलेले लोक आजाराने मेले असे लिहिले जाते. 'सेप्पुकु' हे नाव त्या रोजनिशीच्या भाषेतील आहे. 'हाराकिरी' या नावाने तो उपरोध पहिल्याच पाटीवर गमावला, आणि शौर्याच्या एका रंजक विधीची अपेक्षा मात्र निर्माण केली. पुढे रसिकाने या चित्रपटात 'सामुराईची शान' शोधली, तर दोष एकट्या त्याचा नव्हे.

५

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो, आणि तो भाषाशास्त्राच्याच बाजूने येतो. सामुराईपटातील भाषा ही सतराव्या शतकातील खरी बोली आहे काय? अर्थातच नाही. सातोशी किनसुई यांनी 'भूमिका-भाषा' अशी संकल्पना मांडून २००३ मधील आपल्या ग्रंथात दाखविले की, म्हातारा, शास्त्रज्ञ, सामुराई, खानदानी कन्या यांच्या तोंडी कथा-नाटकांतून जी भाषा घातली जाते ती वास्तव बोलीची नोंद नसून श्रोत्यांच्या मनातील साच्यांची भाषा असते. 'दे गोझारु' असा वाक्यान्त ऐकला की जपानी बालकही सामुराई ओळखते. तो कोणी प्रत्यक्ष बोलताना त्याने ऐकलेला नसतो.

हा आक्षेप मान्य केला तरी मूळ मुद्दा ढळत नाही, उलट नेमका होतो. राखावयाचे आहे ते इतिहासाचे प्रमाण नव्हे, तर पात्रापात्रांतील अंतर. भाषा कृत्रिम असेल. तिच्यातील उंचसखलपणा मात्र कथेच्या दृष्टीने खरा असतो. शिंतारो कात्सुचा 'झातोइची' घ्या. १९६२ ते १९८९ या काळात या पात्रावर सव्वीस चित्रपट निघाले आणि १९७४ ते १९७९ मध्ये शंभर भागांची दूरचित्रवाणी मालिका झाली. इंग्रजी चर्चेत 'झातोइची' हे विशेषनाम झाले आहे. वस्तुतः 'झातो' ही आंधळ्यांच्या संघातील चार प्रमुख पायऱ्यांपैकी सर्वात खालची पायरी, आणि माणसाचे नाव केवळ 'इची'. तो स्वतःला 'आश्शी' म्हणतो, वाकून बोलतो, मालिश करतो, आणि लोक त्याला ज्या हेटाळणीने हाक मारतात तिच्यातूनच त्याची तलवार अनपेक्षित होते. त्याच्या नावातली पायरी हरवली की उरतो तो एक चमत्कारिक आंधळा योद्धा.

डबिंगने क्वचित नवे काही निर्माणही केले, हेही नमूद करणे न्याय्य होईल. केंजी मिसुमीच्या १९७२ च्या दोन चित्रपटांतून १९८० मध्ये 'शोगून असॅसिन' हा एक इंग्रजी चित्रपट जोडून काढला गेला आणि त्यात लहान मुलाच्या तोंडी निवेदन घातले गेले, जे मुळात नाही. त्या निवेदनाला स्वतःचे करुण सामर्थ्य आहे आणि चाहत्यांचे त्यावरील प्रेम समजण्यासारखे आहे. मात्र ते प्रेम एका नव्या कृतीवरचे आहे, हे चर्चेत स्पष्ट असावयास हवे.

६

मराठीच्या अभ्यासकाला या प्रश्नात विशेष स्वारस्य असण्याचे कारण आहे. इंग्रजीला जी पायरी नाही, ती मराठीला आहे. 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' ही त्रयी, त्यांना अनुसरून बदलणारी क्रियापदे, आज्ञार्थाच्या 'बस', 'बसा' आणि 'बसावे' अशा छटा यांनी वरच्या प्रसंगांतील पुष्कळसा भार पेलता येईल. 'सांजुरो'तील गृहिणीचा 'आपण' आणि नायकाचा उघडा 'तू' शेजारी ठेवले की, स्वतंत्र टिपेशिवाय ते द्वंद्व ऐकू येईल. प्रथमपुरुषी नम्रतेसाठी आजची मराठी अपुरी आहे. तिच्याकडे 'मी'खेरीज फारसे काही नाही. तथापि जुन्या पत्रव्यवहारात 'सेवक', 'सेवेसी विज्ञापना' अशी साधने होती, आणि त्यांचा जपून उपयोग होऊ शकेल. जपून एवढ्यासाठी की, तो वेष थोडा अधिक चढला तर एदोचा वाडा शनिवारवाडा होऊन बसेल आणि प्रेक्षक जपान विसरून पेशवाई पाहू लागेल. अनुवादाने अंतर दाखवावे, देश बदलू नये.

इंग्रजीतून मराठीत उपशीर्षके करण्याची वाट सोयीची असली तरी येथे ती घातक आहे. इंग्रजीने एकदा सपाट केलेले संबोधन मराठी अनुवादकाने पुन्हा उंचसखल करावयाचे म्हटले, तर ते त्याला अंदाजानेच करावे लागेल. आणि 'तू' की 'तुम्ही' याचा अंदाज चुकला तर नम्र माणूस उद्धट आणि उद्धट माणूस सज्जन होईल. इंग्रजी संहितेचे सपाटपण निदान निःपक्षपाती असते, चुकलेले मराठी सर्वनाम सक्रिय दिशाभूल करते. म्हणून हे काम जपानी ध्वनिपट कानांनी ऐकूनच करावे लागेल.

चाहत्यांच्या चर्चेने चित्राची पूर्ण चौकट मागितली आणि मिळविली. तेवढ्याच आग्रहाने तिने संवादाची पूर्ण चौकट मागितली असती, तर 'सेप्पुकु'सारख्या चित्रपटाची गणना शौर्यपटांत इतक्या सहजतेने झाली नसती. ती मागणी करण्याची दृष्टी भाषाभ्यासकांनी पुरवावयाची आहे. एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने वरील तीनपैकी एकाच चित्रपटातील सर्व संबोधने टिपून, कोण कोणास केव्हा पायरी बदलून बोलतो याचा तक्ता केला, तरी या दिशेने आरंभ झाला असे म्हणता येईल.